खालच्या गावाची वर्गणी

धरणाच्या पाण्याकडं तोंड करून उभा असलेला कंपनीचा बंगला साहेबलोकांसाठी बांधलेला होता, पण साहेब यायचे ते आंब्याच्या दिवसांत नाहीतर नाताळात. एरवी वर्षभर त्या बंगल्यात नांदायची ती चार नोकरमाणसं. जयसिंग मुकादम होता, आणि मुकादमाचं काम ओरडणं असतं अशी त्याची पक्की समजूत होती. कोंडाजी पहारेकरी. रात्री पहारा म्हणून तो दिवसा झोपायचा, आणि त्या आडरानात येणार कोण म्हणून रात्रीही झोपायचा. बहिरू साहेबांची होडी वल्हवायचा आणि समोर येईल ते खायचा. त्याला वाढताना भांड्याचा तळ दिसल्याशिवाय थांबायचं नाही, हे ठरलेलं. आणि स्वयंपाकघरात रंभाबाई. चाळिशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हाताला चव होती आणि जिभेला धार.

कुणाचं माहेर पौडाला असतं, कुणाचं भोरला; रंभाबाईचं पाण्याखाली होतं. धरण भरलं तेव्हा ती सात वर्षांची होती. बुडालेल्या गावाचं नाव घ्यायचं लोकांनी हळूहळू सोडून दिलं होतं. ‘खालचं गाव’ म्हणायचे नुसतं, जसं खालची आळी म्हणावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा कळस वर यायचा, मग एखादी भिंत, मग चौथऱ्यांच्या रांगा. त्या दिवसांत रंभाबाईचं अन्न तुटायचं. बंगल्यापुढच्या घाटाच्या पायरीवर बसून ती बघत राहायची. हे आमचं, हे तुळजामावशीचं, इथं फणस. डोळे मिटले की आई चुलीपुढं बसलेली दिसायची, इतकी लख्ख की हात लांबवला तर पदर हाताला लागावा. हात लांबवला की वारा. दर उन्हाळ्याला हेच. माणसानं किती वर्षं सोसायचं?

तर असा एक उन्हाळा, बासष्ट सालचा. जिल्हा परिषद नावाची नवीच गोष्ट निघाली होती आणि तिच्या निवडणुकीला कोळवण खोऱ्यातले हैबतराव पाटील उभे राहिले होते. माणूस चांगला. भाताची शेती मोठी, अडल्यानडल्याला धावून जायची सवय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोट एकच होती, त्यांना बोलता येत नव्हतं. पहिल्या सभेला उभे राहिले, ‘तर मंडळी’ म्हणाले, घाम पुसला आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या दयेच्या होत्या.

पाटलांचा माणूस गावोगाव वर्गणी गोळा करत फिरत होता. बंगल्यावर येऊन त्यानं सांगितलं की लाकडाच्या वखारीतल्या हमालांनी दिली, एस्टीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी मिळून दिली, कामाच्या प्रत्येक जागेचं नाव पाटील सभेत घेणार आहेत, बंगल्याचं काय? जयसिंगाची छाती फुगली आणि लगेच बसली. कारण मुंबईहून हुकूम आलेला होता की कंपनीच्या नोकरानं कुठल्याही उमेदवाराला एक पैसासुद्धा द्यायचा नाही, दिला तर नोकरी गेली समजायचं.

नाव तर सभेत यायला पाहिजे आणि पैसा तर द्यायचा नाही. जयसिंगानं ह्यावर दिवसभर डोकं चालवलं, आणि तिन्हीसांजेला सगळ्यांना घाटावर बोलावलं.

"पैसा द्यायचा न्हाई, असा हुकूम हाय," तो म्हणाला. "पैशाबिगर काय द्यायचं न्हाई, असं कुटं म्हणलंय?"

त्याचं गणित सरळ होतं. वर्गणी म्हणजे दान, आणि दान म्हणजे सोडणं. त्या डोंगरांत सोडण्याची रीत जुनी होती. काशीला जाऊन आवडती वस्तू सोडायची म्हणतात, पण काशीचं तिकीट कुणाला परवडणार? म्हणून तिथली माणसं जवळच्या पाण्याच्या काठावर उभी राहून तळहातावर पाणी घ्यायची, नाव घ्यायची, बोटांवरून पाणी सोडायची. कुणी वांगं सोडलं होतं, कुणी तंबाखू, एकीनं नणंदेशी बोलणं सोडलं होतं. सोडलेल्या गोष्टीला मग कुणी हात लावत नसे. फक्त ती कुणाच्या नावानं सोडायची, असं आजवर कुणी केलं नव्हतं. ते जयसिंगानं त्या संध्याकाळी आपल्या अकलेनं जोडलं.

"आणि नुसतं वांगंबिंगं नको," तो म्हणाला. "उमेदवाराच्या उपेगाचं पायजे."

कोंडाजी दाढी खाजवत म्हणाला, की माझ्याकडं झोप सोडली तर दुसरं काय आहे.

"मग तीच दे. साऱ्या जिल्ह्याला पुरून उरंल."

सगळे हसले. कोंडाजी पण हसला, आणि हसतच त्यानं धरणातलं पाणी तळव्यावर घेतलं. निवडणूक होईस्तोवर माझी झोप हैबतराव पाटलांना सोडली, असं जयसिंगानं सांगितलं तसं तो म्हणाला. बहिरूनं भूक सोडली. उमेदवाराला घरोघरी जेवावं लागतं, नाही म्हटलं तर मत जातं, तेव्हा भुकेसारखी दुसरी मदत नाही, हे त्याचं त्यालाच सुचलं. जयसिंगानं स्वतः राग सोडला. सभेत गरजायला राग लागतो, आणि तो आपल्याकडं उत्तम प्रतीचा आहे असं त्याचं मत होतं. तिघांचं पाणी टपटप पाण्यात पडलं.

रंभाबाई पायरीवर बसून हा पोरखेळ बघत होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडं देण्यासारखं काही नाही बाबांनो. मग तिची नजर समोर गेली. पाणी उतरायला लागलं होतं. आणखी थोड्या दिवसांत कळस दिसणार होता.

"खालचं गाव देतीया," ती म्हणाली. "मला आठवतंय तेवढं समदं. घर, दार, आई, समदं."

जयसिंग वैतागला. त्याचा त्यांना काय उपयोग, म्हणाला.

"कुनालाच न्हाई, म्हणून तर देतीया. आणि ते निवडणूक होईस्तोवर न्हाई हां. कायमचं. एकदा घिऊन जा म्हणावं."

ती उठली, खाली उतरली, ओंजळ भरली, आणि सोडली. पाणी पाण्यात पडलं, पण वाजलं नाही. बहिरूनं वाकून बघितलं. तिच्या बोटांखाली एक तरंगसुद्धा उठला नव्हता.

त्या संध्याकाळी रंभाबाई पोटभर जेवली. डोक्यावरचा भरला हंडा उतरवल्यावर मान कशी हलकी होते, तसं तिला वाटत होतं.

पुढच्या काही दिवसांत बंगल्याला पहिल्यांदाच खरा पहारेकरी मिळाला. कोंडाजीचा डोळा लागेना. तो फाटकाशी उभा असायचा, बागेत उभा असायचा, पहाटे पाणी तापवायला उठलेल्या रंभाबाईला मागच्या दारात उभा दिसायचा, डोळे दिव्यासारखे उघडे. सुरुवातीला त्याला मौज वाटली. मग तो सांगायला लागला की माणसं झोपल्यावर बंगला वेगळाच असतो, खुर्च्या जरा जरा सरकतात, आणि पाण्याकडून जात्याची घरघर येते. बहिरू ताटासमोर परक्या घरी आल्यासारखा बसायचा. भाताला बोट लावायचा, काढून घ्यायचा. गालफडं बसली, वल्हं जड झालं. पण सगळ्यांना धसका बसला तो जयसिंगाचा. बहिरूच्या हातून साहेबांची चिनी मातीची किटली फुटली, आणि जयसिंग हळू आवाजात म्हणाला, असू दे, लागलं तर नाही ना? त्या ‘असू दे’नं कोंडाजीच्या अंगावर काटा आला.

एस्टीचा कंडक्टर रोज बातम्या आणायचा. पाटील एका दिवसात नऊ वाड्यांवर जेवले म्हणे, आणि प्रत्येक ठिकाणी मागून वाढून घेतलं, म्हाताऱ्या खूश. घाटाच्या दोन वळणांमध्ये जीपमध्ये गाढ झोपतात आणि फुलासारखे ताजे उठतात. पौडात एका अधिकाऱ्यावर असे गरजले की कचेरीतली कबुतरं उडाली. पहिल्यांदा चौघं हे ऐकून हसले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

रंभाबाईला मात्र आपलं काही गेलंय असं वाटतच नव्हतं. जे गेलं ते गेल्याचं कळायला आधी ते आठवावं लागतं. एका सकाळी बहिरू घाटावरून हाक मारत आला, की मावशी, तुमचं गाव वर आलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. पाण्यात एक दगडी टोक दिसत होतं, त्याच्यामागं काळ्या भिंतीचा तुकडा.

"कुनाचं गाव?" तिनं विचारलं.

बहिरू तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याची नजर तिच्या डाव्या मनगटाकडं गेली. तिथं भाजल्याचा एक पांढरट व्रण होता, चंद्रकोरीसारखा. हा कशाचा, म्हणून त्यानं विचारलं. पूर्वी कितीदा तरी सांगितलं होतं तिनं, त्यानंच कधी कान देऊन ऐकलं नव्हतं एवढंच. रंभाबाईनं मनगट वर धरलं, उजेडात फिरवलं. दुसऱ्याचा हात बघावा तसं बघितलं. मग ती मनाशी ‘आई’ म्हणाली. शब्द होता. पण फडताळ उघडावं आणि त्याला मागची भिंतच नसावी, नुसता अंधार आणि गार हवा यावी, तसं झालं. तिनं ते फडताळ घाईघाईनं लावून टाकलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण झालं.

बाजाराच्या दिवशी पाटलांची मोठी सभा होती. वर्गणी पोचती झाली असं जयसिंगानं पाटलांच्या माणसाला कळवलं होतं, तेव्हा बंगल्याचं नाव पुकारणार म्हणून चौघंही गेले. धरणामुळं उठलेली खालच्या गावाची माणसं लांबलांबून आली होती, म्हातारी झालेली, काठ्या टेकत. त्यांच्यात रंभाबाईची तुळजामावशी, म्हणजे तुळजाबाईही होती. रंभाबाई तिच्याशेजारी जाऊन बसली, कारण म्हातारीनं हात धरून बसवलं. ही कोण ते तिला आठवत नव्हतं.

हैबतराव उभे राहिले. ‘तर मंडळी’ म्हणाले. लोकांनी श्वास धरला. पण ते खाली बसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आणि कर्ण्यातून जो आवाज आला तो सभेतला आवाज नव्हता, ओसरीवर बसून सांगतात तसला होता. ते खालच्या गावाबद्दल बोलत होते. देवळापासून डावीकडं वळलं की चिंचोळी बोळ, बोळीच्या तोंडाशी फुटकी पायरी, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं आणि पोरं मुद्दाम त्यात पाय घालायची. परसात फणस, त्याला बुंध्याशी फळं धरायची, जमिनीला टेकायची. म्हाताऱ्या माणसांमधून आधी एक हुंदका आला, मग ती सगळीच रडायला लागली. कुणी त्यांना इतक्या वर्षांत त्यांच्याच गल्लीतून फिरवून आणलं नव्हतं.

मग हैबतराव आईबद्दल बोलायला लागले. म्हणाले, गाव सोडायच्या दिवशी सामान गाडीत भरलं, बैल जुंपले, आणि आई दिसेना. बघतो तर आत सारवत बसलेली. उद्या ह्या घरात पाणी शिरणार, आणि ही शेणानं भुई सारवतीया. बापानं शिव्या घातल्या. तर म्हणाली, पाणी असलं तरी पहिल्यांदा येतंय घरी, घाणीत कसं घ्यायचं त्याला?

"आणि मी मधी मधी करतोय म्हणून," हैबतराव म्हणाले, "तिनं मला चुलीपाशी बसवलं. तवा तापलेला. माजा हात लागला. आई वराडली, रंभे, हात काढ! रंभे!"

त्यांनी डावं मनगट वर करून सभेला दाखवलं. तिथं काहीच नव्हतं. मिशीवाल्या, फेटा बांधलेल्या, पन्नाशीच्या पाटलांना त्यांची आई रंभे का म्हणत होती, हे त्या अख्ख्या सभेत कुणाच्याही ध्यानात आलं नाही. रडणाऱ्या माणसाला एवढं दिसत नाही.

तुळजाबाईला मात्र दिसलं. तिनं रंभाबाईचं मनगट पकडलं आणि व्रणावर अंगठा ठेवला.

"तुजी आई ती," ती पुटपुटली. "तुज्या आयशीनंच सारवलं होतं. ह्याला कुनी सांगितलं गं?"

कर्ण्यातून एक बाई रंभाबाईला हाक मारत होती, आणि ती बाई कशी दिसते ते तिला माहीत नव्हतं. तिनं तुळजाबाईला विचारलं, कशी होती गं? म्हातारीनं सगळं सांगितलं. ठेंगणी होती, गव्हाळ होती, एका पायात जोडवं नव्हतं, नाकातून गुणगुणायची. रंभाबाई ऐकत होती. गावातल्या एखाद्या मेलेल्या बाईची माहिती ऐकावी तसं ते होतं. शब्द कानात शिरत होते आणि त्यांना आत बसायला पाटच नव्हता. सभेच्या शेवटी पाटलांनी बंगल्याचं नाव पुकारलं. चौघांपैकी एकानंही मान वर केली नाही.

येताना वाटेत जयसिंग तिची समजूत घालत राहिला. निवडणूक होऊ दे, सगळं जिथल्या तिथं येईल, म्हणाला. रागाशिवाय बोलत असल्यामुळं ते कुणालाच खरं वाटलं नाही.

निवडणूक झाली. मतं मोजली, हैबतराव भरघोस मतांनी आले, पौडापासून ताम्हिणीपर्यंत गुलाल उधळला. ज्या दुपारी निकाल लागला त्या दुपारी कोंडाजी फाटकाला टेकून उभ्या उभ्या झोपला. त्याला उचलून ओसरीवर टाकावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी उन्हानं जाग आली तेव्हा तो कूस बदलून पुन्हा झोपला. बहिरू स्वयंपाकघरात आला आणि भाताच्या पातेल्यासमोर मांडी घालून बसला. आणि बागेतून जयसिंगाचा आवाज आला, ही झारी कुणाच्या बापानं इथं टाकलीय म्हणून. रंभाबाईला त्या शिवीनं इतकं बरं वाटलं की तिनं हातातला डाव खाली ठेवला.

मग ती वाट बघत बसली. बहिरूचं जेवण झालं. ऊन कललं. ती घाटावर गेली. पाणी तळाला गेलं होतं, खालचं गाव जवळजवळ सगळंच उघडं पडलं होतं, बोळ न् बोळ. ती त्या दगडांकडं बघत राहिली आणि दगड तिच्याकडं. तिघांनी निवडणूक होईस्तोवर म्हटलं होतं. ती कायमचं म्हणाली होती. तिला आता ते आपलंच बोलणं आठवलं, घिऊन जा म्हणावं. एवढं मात्र नीट आठवत होतं.

पाऊस तोंडावर आला होता. पाणी चढलं की सगळं पुन्हा बुडणार, आणि ह्या खेपेला तिच्यासाठी ते पहिल्यांदाच बुडणार होतं, कारण आजवर ते तिच्यात कोरडं होतं.

हैबतराव आभार मानायला बंगल्यावर आले ते एका भरल्या आभाळाच्या दुपारी. जयसिंगानं ओसरीवर खुर्ची मांडली होती, हार आणला होता. हार घालून घेऊन पाटील उठले, आणि ह्या बंगल्यात कधी पाऊल न टाकलेला माणूस तडक मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात गेला. जयसिंग मागून धावला तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. आत आले, चुलीच्या उजव्या अंगाला भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले, आणि डोळे मिटले.

"भाकर कर," ते म्हणाले.

रंभाबाईनं परात ओढली, नाचणीचं पीठ घेतलं. थापायला लागली तसे पाटील नाकातून गुणगुणायला लागले. चाल तिला ठाऊक नव्हती. पण तिचे हात त्या चालीवर पडत होते, आणि हातांना ते कुणी शिकवलं ते तिला सांगता आलं नसतं.

"पाटील," ती म्हणाली, "ती कशी दिसती?"

त्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. कुणीतरी एक दिवस हे विचारणार, हे त्यांना माहीत असल्यासारखे बसून राहिले.

"तुजी हाय व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलंच हुतं. ती मला रंभे म्हनती."

मग ते बोलायला लागले, सभेत बोलत तसे नाही, पूर्वीच्या हैबतरावांसारखे, अडखळत. त्यांची आई ते बाळंत्यात असतानाच गेली होती. फोटो नाही, लुगडं नाही, वाड्यात तिच्याबद्दल बोलणारं कुणी राहिलं नाही. आणि ह्या उन्हाळ्यात एके दिवशी जीपमध्ये डुलकी लागली आणि जागे झाले तो आई होती. चुलीपुढं. त्यांना वाटलं, देवानं एवढ्या वर्षांनी आपली पाठवली. पहिल्या हाकेला कळलं की आपली नाही. पण हाक तर होती.

"मी भाषनात सांगितलं ते थोडं," ते म्हणाले. "बाकीचं सांगितलं न्हाई. ते माज्यासाठी ठिवलंय."

रंभाबाईनं भाकर तव्यावर टाकली. तिला ह्या माणसाचा राग यायला हवा होता. तो काही केल्या येईना. आला असता तर सोपं झालं असतं.

"माजी मला परत द्या," ती म्हणाली.

"दिली तर मी पुन्यांदा ‘तर मंडळी’ म्हनून खाली बसंन."

"बसा."

"भाषनाचं न्हाई गं." ते चुलीकडं बघत होते. "एकदा पोरका झालो, ते कळायचं वय नव्हतं. आता कळंल."

बाहेर पहिला वारा सुटला आणि खिडकीची फळी आपटली. रंभाबाईचे हात परातीत थांबले. तिच्यासमोर एक मोठा माणूस बसला होता, गळ्यात झेंडूचा हार, फेट्यावर गुलाल, आणि त्यानं गुडघे पोटाशी घेतले होते.

"तुमाला मतं मिळाली, पाटील. मान मिळंल, चार मानसं मागंपुढं फिरतील. मला ती एकच हाय," ती म्हणाली. "आणि मी तिला टाकली. तुमाला न्हाई कळायचं ते. तुमी कुनाला टाकलं न्हाई. मला तिच्यापुढं जाऊन बसायचं हाय एकदा."

हैबतरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले, थोडं थांब. ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून आत काय चाललंय ते दिसत होतं. ते बोळीतून फिरत असावेत, फणसाखालून, पायरीवरून. एकदा हसले. मग त्यांनी डोळे न उघडताच उजवा हात पुढं केला. रंभाबाईनं तांब्यातलं पाणी त्या तळव्यावर ओतलं, आणि आपली ओंजळ खाली धरली.

"सोडली," हैबतराव म्हणाले.

पाणी तिच्या ओंजळीत पडलं. आवाज झाला नाही.

पाटलांनी डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं, चुलीकडं, परातीकडं, तिच्याकडं. एखाद्या खोलीत जावं आणि कशाला आलो ते विसरावं, तसा चेहरा. इथं मी कशाला आलो होतो, म्हणून त्यांनी विचारलं. पाणी प्यायला, रंभाबाई म्हणाली, आणि तांब्या पुढं केला. ते प्याले, बरं म्हणाले, आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. जाताना दाराशी उगाच घुटमळले. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिच्यामागोमाग पाऊस.

रंभाबाईनं तवा उतरवला. चुलीपुढंच बसली. घाई केली नाही. मग भीत भीत डोळे मिटले.

फणस होता. बोळ होती. फुटक्या पायरीत पाणी होतं आणि तिनं मुद्दाम त्यात पाय घातला. उंबऱ्याशी आली तो आतून ओल्या शेणाचा आणि भाजत्या नाचणीचा वास आला, आणि नाकातलं गुणगुणणं. आई चुलीपुढं बसलेली. उंबऱ्यातून तिची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता, हात थापताना हलणारी कोपरं. तोंड दिसत नव्हतं. तोंड पलीकडं होतं.

पलीकडं, चुलीच्या उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून हैबतराव बसले होते. फेटा, मिशा, गळ्यात झेंडूचा हार, सगळं होतं तसं. त्यांच्यासमोर ताटली होती. आई भाकर उलटत होती, फुगलेली भाकर त्यांना वाढत होती, आणि वाढताना त्यांच्याकडं बघत होती. ते जेवत होते, मान खाली घालून, सावकाश, उठायची चिन्हं नाहीत असं. जीपमधून जे कोळवणच्या वाटेला लागले ते कोण मग, असं रंभाबाईच्या मनात आलं, आणि तिनं तो विचार तिथंच सोडला.

ती उंबऱ्यात उभी होती, सात वर्षांची, परकर ओला. तिनं हाक मारली. आईनं वळून बघितलं नाही. आवाज ऐकून नुसतं म्हणाली, ये की गं, उभी काय राहिलीस.

तिथून तोंड दिसणार नव्हतं. तोंड बघायचं तर पलीकडं जाऊनच बसायला हवं होतं, आणि पलीकडं जागा एकाच माणसाची होती.

रंभाबाई आत गेली. चुलीला वळसा घालून पाटलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी घास हातात धरून वर बघितलं, आणि तिनं ओळखलं की घालवलं तर हा माणूस उठेल, मुकाट्यानं उठेल, आणि ह्या गावातून बाहेर जायला त्याला वाट नाही.

"सरका जरा, पाटील," ती म्हणाली.

ते सरकले. ती बसली, आणि आईनं तिच्याकडं बघितलं.